हिऱ्याचा दात

रविवार

आमच्या खिलार खोंडाचा, हिऱ्याचा, पुढचा दात हलायला लागलाय. थोरलीनं संध्याकाळी बोटानं दाबून दाखवला. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा तोंडावर आली आणि याला नेमका आत्ताच मुहूर्त सापडला. यात्रेत खिलार जनावरांची निवड, म्हणजे देखण्या जनावरांची स्पर्धा, होते ती दातांवरून गट पाडून. दुधाचे दात शाबूत असले की खोंड आदत, मधले दोन पडून पक्के यायला लागले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती. हे सगळे दात खालचेच. वरच्या जबड्यात पुढं नुसती हिरडी असते. पहिली जोडी दोन ते अडीच वर्षांत येते आणि हिऱ्या २०२२च्या सप्टेंबरातला, म्हणजे वेळेवरच चाललंय सगळं. पण आदतीत तो उंचीनं उठून दिसला असता. दोन दातीत त्याच्यापेक्षा थोराड खोंडं उभी राहणार.

भाऊजी म्हणाले, "कडबा बंद करा थोडे दिवस, भिजवलेलंच चारा. दात टिकंल."

थोरली म्हणाली, "नको काका. कडबा तोडला तर रवंथ बिघडंल. दात पडायचा तर पडू दे."

नववीतली पोर. मला तिचं म्हणणं फार आवडलं.

मंगळवार

ती काय करते ते आज नीट बघितलं. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी गोठ्यात. हिऱ्याला सोडून बांधावरून ओढ्यापर्यंत चालवत नेते, कासरा सैल धरून. परत आल्यावर खरारा. मग त्याच्या तोंडाच्या कडेला, जिथं दात नसतात त्या जागेतून बोटं आत घालते, खालचा ओठ हळूच खाली करते, दात बघते आणि सोडून देते. निवडीच्या वेळी डॉक्टर हेच करणार. अनोळखी माणसानं तोंडाला हात लावल्यावर खोंड उधळला, तर पुढचं काही बघायचं राहूनच जातं.

खिलार जात मुळात तापट. दावणीला गरीब दिसणारं जनावर परका माणूस जवळ आला की कान ताठ करतं, नाकपुड्या फुगवतं. म्हणून ती शेजारपाजारच्या कुणालाही बोलावून आणते आणि त्याच्या पाठीवर हात फिरवायला लावते. आज पोस्टमन सापडले. त्यांनी वशिंडावर हात ठेवला, गळ्याखालची पोळी चाचपली, हिऱ्यानं नुसती शेपटी हलवली. मोबाईलवर हलगी लावून ठेवते, आधी लांब, मग रोज थोडी जवळ. पहिल्यांदा त्यानं दावं ताणून धरलं होतं. आता हलगी चालू असताना वैरण खातो.

माझं स्पष्ट मत आहे की निवडीची तयारी म्हणजे हीच. झूल, गोंडे, घुंगरमाळ एका सकाळीत चढवता येतात. माणसावरचा विश्वास तसा चढवता येत नाही.

बुधवार

खुराकावरून घरात दोन मतं. ह्यांना वाटतं सरकी पेंड आणि मक्याचा भरडा वाढवावा, अंग भरेल. मी नाही म्हटलं. एकदम भरडा वाढवला की पोट फुगतं, आणि चरबी चढलेलं खिलार मला जनावरासारखं वाटतच नाही. त्याची पाठ सरळ, पोट आवळलेलं, पाय सडसडीत हवेत. शाळूचा कडबा, थोडा लसूण घास, मापातली पेंड. एवढ्यावर त्याची कातडी चकाकते आहे.

ती कातडी बघितली की २०२२ आठवतं. हा जन्मला तेव्हा लम्पीची, अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची, साथ जोरात होती. जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, गोचीड-माशा दिसू द्यायच्या नाहीत, गाईला लस टोचून घेतलेली. रोज उठून पहिलं काम काय, तर वासराच्या अंगावरून हात फिरवून गाठ लागते का बघणं. एकही लागली नाही. तेव्हा थोरली सातवीत होती. हात फिरवायची सवय तिला तेव्हाची.

शुक्रवार

आज शिंगं साळली. ह्यांनी वेसण धरली, भाऊजींनी काचेच्या तुकड्यानं वरचे खडबडीत पापुद्रे तेवढे काढले, थोरलीनं खोबरेल चोळलं. खोल साळायचं नाही. कोवळं शिंग आतून दुखतं. हिंगूळही नको म्हटलं. तो पोळ्याला. निवडीला शिंगाचा मूळ रंग आणि मागं जाऊन वर वळणारा बाक दिसला पाहिजे.

रात्री हिशेब मांडला. घर चालतं ते जर्शीच्या दुधावर. खिलार गाय वासराला पाजून घरापुरतं देते, तेवढंच. नांगरट ट्रॅक्टरनं होते. मग खिलार कशासाठी, असं माहेरचे विचारतात. यात्रेत चांगल्या खोंडाला किंमत येते म्हणून दुष्काळी पट्ट्यातले लोक अजून ही गाय दावणीला ठेवतात. २०२३च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून मागणी वाढली आहे, हे खरं. पण शर्यतीला लागतो तो वेग. खांदा, खूर, चाल, रंग, शिंग हे सगळं एकत्र बघितलं जातं ते निवडीत. म्हणून मला निवड जास्त मोलाची वाटते.

यात्रेहून आल्यावर

दात आदल्या दिवशी पडला. गव्हाणीत सापडला, थोरलीनं कंपासपेटीत ठेवलाय.

पहाटे टेम्पोत खाली कडब्याचा थर अंथरून नेला. लसीचा दाखला आणि कानातला बारा आकडी बिल्ला बघितला. मैदानात बहुतेक खोंडांचा कासरा बाप्यांच्या हातात. "पोरगी धरणार?" असं कुणीतरी विचारलं. ह्यांनी कासरा तिच्याच हातात ठेवला.

डॉक्टर आले, त्यांनी ओठ खाली केला. हिऱ्या हलला नाही. पलीकडं हलगी वाजत होती तरी नाही. "दोन दातीत घ्या," म्हणाले. मग चालवायला सांगितलं. तिनं कासरा सैल सोडला आणि तो तिच्या पावलाला पाऊल लावून गेला, मान वर. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडत होता. मी एवढा वेळ श्वास धरून होते.

नंबर आला नाही. पहिला आला तो खोंड खरोखर देखणा होता, रंगानं कोसा, छाती रुंद, हिऱ्यापेक्षा हातभर लांब. थोरली त्याच्या मालकाकडं जाऊन त्याची आई कुठल्या गावची, वळू कुणाचा, विचारून आली आणि वहीत लिहून घेतलं.

तेच डॉक्टर नंतर आमच्या जागेवर आले. म्हणाले, "एवढा शांत खिलार कमी बघायला मिळतो. याला खच्ची करू नका. वळू म्हणून ठेवा." दोन व्यापारी किंमत विचारून गेले होते आणि किंमत बरी होती. ह्यांनी दोघांनाही नाही सांगितलं.

वळू ठेवायचा तर गाईंपासून लांब बांधावा लागेल. विहिरीकडंच्या बाजूला जागा आहे. पत्रे जुने मिळतात का ते भाऊजी उद्या बघून येणार आहेत.