यादीबाहेरची सात माणसं

२०१७ चा मार्च. विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला होता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात भिंतींवर उमेदवारांचे चेहरे अजून ताजे होते. मी तेव्हा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होते. सकाळी जीपमध्ये ४३ बाटल्या मोजून ठेवल्या. काजूच्या बागेत जाताना गोचिडी चिकटू नयेत म्हणून हातापायांना लावायचं तेल. दर घरामागे एक बाटली. सोबत घर क्रमांकांची छापील यादी आणि तिच्यात सहीचा रकाना.

माकडताप सत्तरीत आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकात शिवमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात. आमच्याकडे २०१५ मध्ये पाली गावात माणसं तापाने पडली तेव्हा त्याचं नाव कळलं. आधी माकडं मरतात, मग त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, उतरतात. त्यांची पिल्लं मोहरीएवढी, अंगावर चढली तरी समजत नाहीत. डिसेंबर ते मे हा तापाचा काळ आणि काजूचा हंगाम नेमका त्यातच येतो. फेणीसाठीचा बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून काढत नाहीत, पिकून खाली पडलेला वेचतात. म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत पातेऱ्यात वाकायचं, खिळा मारलेल्या काठीने बोंडू टोचून उचलायचा, बसून बी पिळून काढायची. गोचिडीला याहून सोयीचं माणूस मिळणार नाही.

गावातलं वाटप अकरापर्यंत आटोपलं. नऊ घरांना कुलूप होतं. ती माणसं म्हापशा-पणजीला कामाला, चतुर्थीला येणारी. नऊ बाटल्या उरल्या. परत फिरणार तेवढ्यात एक मुलगा धावत आला. वरच्या काजूत माकड मरून पडलंय म्हणाला. फवारणीवाला भाऊ सोबत होताच. मेलेल्या माकडाभोवती ५० फुटांपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारायची असते. आम्ही चढायला लागलो.

माकड सापडलं ओहोळाच्या अलीकडे. आणि ओहोळाच्या पलीकडे, शंभर पावलांवर, निळ्या ताडपत्रीची एक खोप.

मी त्या गावात चार वर्षं जात होते, आणि ती खोप मला माहीत नव्हती. हे लिहायला आजही जड जातं.

आत सात माणसं राहत होती. तीन बायका, तीन पुरुष, सहाएक वर्षांची एक पोर. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी बोलणारी. एक बाई गोधडीत मुटकुळं करून पडली होती. तिच्या नवऱ्याने सांगितलं, "तीन दिस झालं बघा अक्का. डोस्कं फुटतंय म्हणत्या, कंबर तर मोडल्यागत झाल्या." ताप १०३ च्या वर होता, डोळे लाल. तोंड उघडायला लावलं तर हिरड्यांतून रक्त आलेलं. पोटरीला दोन गोचिडी अजून चिकटलेल्या. त्या मी चिमट्याने काढल्या. पोर शेजारी बसून सगळं बघत होती. तिच्या कानामागेही एक होती.

या तापाला नेमकं औषध नाही. ताप उतरवायचा, पाणी कमी पडू द्यायचं नाही, रक्तस्रावावर लक्ष ठेवायचं. त्यामुळे वेळेत खाली नेणं एवढंच हातात होतं. गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली. उतरायला सव्वा तास लागला. मध्ये दोनदा तिला उलटी झाली.

त्या वाटेवर नवरा बोलत होता. नऊ वर्षं येतात. मुकादम आणतो, बियांच्या किलोवर पैसे मिळतात, जेवणाचा खर्च त्यातून कापला जातो. आजारी पडलं की वजन नाही आणि वजन नाही म्हणजे पैसेही नाहीत. मी विचारलं, "मतदान कुठं करता?"

"व्होट तिकडं हाय. पर व्होटाच्या टायमाला आमी हिकडं."

कर्नाटक विधानसभेचं मतदान २०१३ साली मे महिन्यात झालं, पुढचं २०१८ चंही मेमध्येच. तेव्हा इथे काजूचा शेवटचा बहर पडत असतो. आमचं गोव्याचं मतदान फेब्रुवारीत, ही माणसं वर चढायच्या आधीच आटपलेलं. सत्तरीत विधानसभेचे दोन मतदारसंघ आहेत, वाळपई आणि पर्ये. दोन्हींतल्या उमेदवारांनी महिनाभर वाडेच्या वाडे पालथे घातले. त्या ओहोळाच्या वर चढायचं कारण कोणालाच नव्हतं.

केंद्रात केसपेपर करताना घर क्रमांक विचारला गेला. मग गोव्यातला पत्ता. मग ओळखपत्र. नवऱ्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं, त्यावर खानापूरचा पत्ता. राज्याची आरोग्यविम्याची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आदल्याच वर्षी सुरू झाली होती, तिला गोव्यात ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. हे नऊ वर्षं येतात, पण दरवर्षी तीन महिनेच. लस तेव्हा काही गावांत देत होतो. तिचे दोन डोस महिन्याच्या अंतराने, बूस्टर सहा ते नऊ महिन्यांनी. बूस्टरच्या वेळी ही माणसं कुठल्या तरी उसाच्या फडात असतात.

ज्या बागायतदाराने पावणीत, म्हणजे लिलावात, काजू घेतले होते तो संध्याकाळी आला. मी रागाने बोलले. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याची स्वतःची जमीन आल्वाराची, म्हणजे पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेली; तेव्हापासून घराणं कसतंय आणि नाव अजून कागदावर चढलेलं नाही. त्यात भागत नाही म्हणून पावणीत दुसऱ्याची घेतो. म्हणाला, "सिस्टर, माणसां मुकादम हाडटा. तांचीं नांवां म्हाकाय खबर ना." मला त्याची कीव आली आणि राग मात्र गेला नाही. वाड्यावरच्या एका पंचांनाही मी दुसऱ्या दिवशी गाठलं. ते म्हणाले, "ते आमचे न्हय गे." चहा पाजला आणि विषय बदलला.

नमुना बाहेर गेला, पाच दिवसांनी पॉझिटिव्ह आला. ती वाचली. दोन आठवड्यांनी ताप उलटला, हात थरथरायला लागले, पुन्हा भरती व्हावं लागलं. त्यातूनही उठली. हंगाम मात्र गेला, तिचा आणि तिच्याजवळ बसलेल्या नवऱ्याचाही.

त्या कुलूपबंद घरांच्या नऊ बाटल्यांपैकी सात मी दुसऱ्या दिवशी वर नेऊन दिल्या, पोरीच्या वाटणीचीही धरून. सहीच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून समासात लिहिलं: "काजूची बागायत, ओहोळाच्या वर, सात माणसं." त्याबद्दल मला लेखी विचारणा झाली. उत्तरही लेखीच दिलं.

नंतर मी मळ्यातल्या मजुरांबद्दल मिळेल ते वाचत गेले. १९५१ च्या मळेकामगार कायद्यात घर, दवाखाना, पाळणाघर मालकाने द्यावं असं होतं. त्यात नावानिशी पिकं होती: चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा. काजू नव्हता. जिथे कायदा लागू होता तिथेही काय होतं ते २०२० च्या ऑगस्टमध्ये दिसलं. मुन्नारजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळून चहामजुरांच्या चाळी झोपेत गाडल्या गेल्या, ७० माणसं गेली. त्या चाळींना तिथे लयम म्हणतात. बातमीतला फोटो बघताना मला निळी ताडपत्री आठवत राहिली. आमच्याकडे निदान चाळ द्यावी असं म्हणणारा कागदही नव्हता.

पुढच्या डिसेंबरात यादी पुन्हा छापून आली. तीच ४३ घरं, कुलपं धरून. मी मागे एक कोरा कागद टाचला आणि मार्चमध्ये बागायती फिरायला सुरुवात केली. ओहोळाच्या वरच्या खोपीत ते जोडपं नव्हतं. दुसरी पाच माणसं होती, कर्नाटकातल्याच हल्याळकडची. मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या माणसाला नाव विचारलं.

तो आधी मुकादमाच्या तोंडाकडे बघायला लागला.