आठ फॉरवर्ड आणि शून्य गोल

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर क्रिकेटही चालतं, फुटबॉलही. ही रीत जुनीच. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना, स्कॉटलंड-इंग्लंड, ३० नोव्हेंबर १८७२ला ग्लासगोजवळ पार्टिकच्या क्रिकेट मैदानावरच झाला, ०-०. गोलखांबांवर आडवी दांडी नव्हती, नुसती फीत ताणलेली. इंग्लंडचे तब्बल आठ फॉरवर्ड! पण चेंडू ज्याच्या पायात, तो एकटाच घुसायचा. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा क्वीन्स पार्क क्लबचे, अंगाने किरकोळ. धक्काबुक्कीत निभाव लागणार नाही म्हणून जोडीने पास देत पुढे सरकायचे. १८७८मध्ये त्यांनी इंग्लंडला ७-२ने धुतलं. आजच्या पासिंगची मुळं मला इथेच दिसतात. ही वार्षिक लढत १९८९नंतर बंद पडली, याची खरंच हळहळ वाटते.