तुम्ही विचारलंत म्हणून : घरातल्या मारहाणीत मानवी हक्क कुठून आले?

नवरा-बायकोच्या भांडणाला ‘मानवी हक्कांचे उल्लंघन’ असे जड नाव का देता, हा प्रश्न मला पुण्यात व्याख्यानांनंतर, सोसायटीच्या बैठकांत आणि माझ्या सख्ख्या मावशीच्या स्वयंपाकघरातही विचारला गेला आहे. १९९३ साली व्हिएन्नाच्या जागतिक मानवी हक्क परिषदेने स्त्रियांचे हक्क मानवी हक्कच आहेत असे जाहीर केले, एवढे सांगून मी पूर्वी विषय संपवीत असे. ते उत्तर खरे होते, पण खरे कारण मी सांगत नव्हते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला. त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या पेठेतली एक बाई रात्री अकराला माझ्या दारात आली. डावे मनगट सुजलेले, उजव्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि मुलीचे प्रगतिपुस्तक. आम्ही चौकीत गेलो. दीड तास बाकावर बसवल्यानंतर हवालदारांनी अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी, नोंद केली आणि नवऱ्याला बोलावून घेतले. त्याने सगळ्यांसमोर हात जोडले. मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी तिला म्हणाले, “आज घरी जा, मुलीची परीक्षा आहे, उद्या बोलू.” तिने रेशनकार्ड पुन्हा पिशवीत नीट सरकवले आणि ती त्याच्या मागून पावसात निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी तिला रुग्णालयात पाहिले. मनगट मोडले होते, जबडा बांधलेला होता.

हात नवऱ्याने उगारला, तो त्याचा गुन्हा. पण नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाला गुन्हा ठरवणारे ४९८-अ हे कलम १९८३ पासून कायद्यात होते आणि तिने तक्रार दिली असती तर गुन्हा दखलपात्र ठरला असता; तरीही सरकारी नोंदवहीत सरकारी शाईने तिची गोष्ट किरकोळ ठरवली गेली आणि सरकारच्या साक्षीने तिला त्याच दारात परत पाठवले गेले. नागरिकाला वाचवण्याचे कर्तव्य असलेली यंत्रणा हात झटकते, तेव्हा ती गोष्ट घरातली राहत नाही. मानवी हक्क हा शब्द मी वापरते तो यासाठी.

मी तरी दुसरे काय करणार होते? माहेरचे दार बंद होते, घर नवऱ्याच्या नावावर होते, आणि सामायिक घरात राहण्याचा हक्क देणारे कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ अजून लागू व्हायचे होते. हे सगळे खरे असूनही मला पुरत नाही. त्या काळी मी समेटावर विश्वास ठेवणारी समुपदेशक होते आणि संसार टिकवणे हीच बाईची इच्छा असते, असे मी ठामपणे सांगत असे. आज मी हक्कांविषयी तितक्याच ठामपणे बोलते, तेव्हा तीच जुनी मी मला विचारते, की तिला खटला हवा होता हे तुला कोणी सांगितले? कदाचित त्याने मारू नये, एवढेच तिला हवे असेल. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तक्रार द्यायची आहे का, हे त्या दीड तासात तिला हवालदारांनी विचारले नाही, आणि तिच्या शेजारी बसलेल्या मीही विचारले नाही.