सावंतवाडीच्या दरबारात गंजिफाची पाने पाहताना

मार्चअखेर म्हणजे काय, हे बँकेत नोकरी करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. थकीत कर्जांच्या याद्या, लेखापरीक्षकांचे प्रश्न आणि रात्री उशिरापर्यंत न जुळणाऱ्या बेरजा यांतून सुटका झाली, तेव्हा शरीरापेक्षा डोळेच अधिक शिणले होते. समुद्रकिनारा आम्हा रत्नागिरीकरांना रोजचाच. म्हणून चौथ्या शनिवारची सुट्टी रविवारला जोडून मी आणि माझी पत्नी कोकण रेल्वेने सावंतवाडीला गेलो, ते मुद्दाम राजवाड्यातील गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहण्यासाठी.

मोती तलावासमोरच्या या राजवाड्यातील दरबार हॉलमध्ये गंजिफाचे संच मांडलेले आहेत आणि तिथेच बसून कलाकार नवी पाने रंगवीत असतात. दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. त्याशेजारी आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफाही आहे, परंतु माझे पाऊल दशावतारापाशीच अडले.

याचे कारण त्यातील आकडे. या पानांवर अंक लिहिलेला नसतो. मत्स्याची सत्ती म्हणजे सात मासे, कूर्माची पंजी म्हणजे पाच कासवे, परशुरामाची तिर्री म्हणजे तीन परशू. ज्याचा दिवस नुसत्या आकड्यांत जातो, त्याला सात ही संख्या सात माशांच्या रूपाने समोर आल्यावर किती बरे वाटते, हे मला तिथेच कळले. ते मासे एकाच साच्यातून काढल्यासारखेही नव्हते. एकाची शेपटी किंचित वळलेली, दुसऱ्याचा डोळा जरा मोठा, आणि तरीही गोलाच्या आत सातही जण नेमके सामावलेले.

एक ताई पानाची किनार रंगवीत होत्या. मनगट मेजावर टेकवून त्या कुंचला जवळजवळ स्थिर धरीत आणि डाव्या हाताने पान हळूहळू फिरवीत, त्यामुळे रेषा आपोआप गोल येई. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान तयार करीत, रंगकाम झाल्यावर त्यावर लाखेचा थर देत. त्यांच्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. तेवढ्या वेळात मला कार्यालयाची आठवणसुद्धा झाली नाही.

हा खेळ तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नसतो, आणि निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे स्मरणशक्तीची चांगलीच परीक्षा होते. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा. रामजन्म दुपारचा आणि कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हे ज्या घरांत लहानपणापासून कानावर पडते, त्या घरांत हा नियम निराळा पाठ करावा लागत नसणार.

१९७०च्या दशकात ही कला जवळजवळ संपत आली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चितारी कारागिराचे ज्ञान हाती असतानाच राजवाड्यात काम सुरू केले, सत्त्वशीलादेवी स्वतः रंगवायला शिकल्या, आणि म्हणून आज आपल्याला हे पाहायला मिळते. ऐश्वर्य जपणारी घराणी पुष्कळ असतात; कुंचला हाती घेणाऱ्या राणीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

चितारआळीत लाकडी फळे पाहिली. रविवारी कुडाळच्या अलीकडे पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या. ही परंपरा चालवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या पोथ्यांवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल, कारण ती चित्रे कथा ऐकत पाहायची असतात.

पत्नीने दशावताराचा एक संच विकत घेतला आहे. तो चौकटीत बसवून भिंतीवर टांगावा, असे पाहुणे सुचवतात, पण आम्हा दोघांनाही ते पटत नाही. मे महिन्यात भाचरे येतील, तेव्हा तिसरा भिडू मिळेल. तोवर कोणत्या रंगांत एक्का मोठा, ते आम्ही पाठ करीत आहोत.