पोथी धडधाकट, मग मासिकाचा चुरा का?

आमच्या ग्रंथालयाचा दुरुस्ती विभाग बघायला कोणी आलं, की पाच-दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. माझ्या टेबलावर एका बाजूला पोथी असते, अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली. तिचं पान उचललं तर कोऱ्या कागदासारखं वाजतं. दुसऱ्या बाजूला 1944 सालच्या एका मासिकाचे अंक. त्यांना नुसता हात लागला तरी कडा गळतात. "ताई, इतकी जुनी ती शाबूत, आणि माझ्या पणजीच्या वेळचं हे असं कसं?" गेल्या महिन्यात एका शाळकरी मुलीने विचारलं. तिला उत्तर देताना घाई झाली, म्हणून आता नीट लिहिते.

वयाचा इथे फारसा संबंध नाही. कागद कशापासून केला आणि कसा केला, त्यावर त्याचं आयुष्य ठरतं.

जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद व्हायचा. कागद करणारे कागदी लोक जुनं गोणपाट, दोरखंड असलं घ्यायचे. ते तोडून चुन्यात भिजवायचं, कुटायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं, परत चुना, परत कुटणं. मग लगदा पाण्यात कालवून साच्यावर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. या राबण्यात दोन गोष्टी साधल्या जायच्या. तंतू लांब आणि चिवट राहायचे, आणि चुन्याचा थोडा अंश कागदातच उरायचा. पुढे कागदात आम्ल तयार झालं किंवा हवेतून आलं, तर हा उरलेला चुना ते मारतो.

त्यावर लिहिलं कशाने, तर काजळी आणि डिंकाच्या शाईने. काजळी उडत नाही आणि कागद खात नाही. इंग्रजी अमदानीतल्या काही नोंदवह्या मी पाहिल्या आहेत, मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून केलेल्या शाईत लिहिलेल्या. त्यांत अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडली आहेत. पोथीत मधेच पिवळा पट्टा दिसला तर तो हरताळ, एक पिवळं खनिज. लेखनिकाची चूक झाली की तो त्या अक्षरांवर हरताळ फासून वर नव्याने लिहायचा, आपला वाक्प्रचार तिथलाच. हरताळात सोमल हे विष असतं, म्हणून पोथी हाताळून झाली की मी सगळ्यांना हात धुवायला लावते.

आता मासिक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. स्वस्त आणि हवा तेवढा. त्या लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक ठेवणारं द्रव्य, राहतं, त्यामुळे कागद उजेडात पिवळा पडतो. खरा घात मात्र तुरटीने केला. शाई फुटू नये म्हणून कारखान्यात लगद्यात राळ आणि तुरटी घालत. दमट हवेत त्या तुरटीपासून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. लाकडाचे तंतू मुळातच आखूड. त्यात दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई, मिळेल त्या कागदावर छपाई. 1944 चा अंक असा जन्मतःच आजारी होता. म्हणून शिळाप्रेसवर, म्हणजे दगडी छापावर, हातकागदावर छापलेलं त्याच्या शंभर वर्षं आधीचं पुस्तक माझ्याकडे येतं, तेव्हा बहुतेक वेळा मी फक्त धूळ काढते आणि परत कपाटात ठेवते.

मला याचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. पोथी लोक जपतात. लाल रुमालात बांधतात, देवघरात ठेवतात, वर्षातून एकदा तरी बाहेर काढतात. मासिक रद्दीत जातं. पण 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस काय वाचत होता, कशावर भांडत होता, कुठलं तेल डोक्याला लावत होता, हे सगळं या हलक्या कागदावर आहे. बायकांनी संपादकांना लिहिलेली पत्रं आहेत. पुस्तकात न आलेल्या कथा आहेत. ज्या पोथीच्या आणखी दहा प्रती इतरत्र आहेत तिच्याआधी, एकच प्रत उरलेला अंक मी हातात घेते. यावरून आमच्याकडे वादही झाले आहेत. मी मत बदललेलं नाही.

उपाय काय? आधी प्रत्येक पान स्कॅन करायचं, कारण पुढचं काम करताना काही हरवू शकतं. मग शाईचा थेंबभर पाण्याने अंदाज घ्यायचा, फुटत असेल तर तिथेच थांबायचं. नसेल तर पान आधाराच्या जाळीवर ठेवून चुन्याच्या निवळीत बुडवायचं. हो, तोच चुना, जो जुन्नरच्या कागद्यांनी वापरला. वाळलं की चिरांवर पातळ जपानी कागद, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. फेव्हिकॉल नाही, कारण खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते. एका अंकाला मला आठवडा लागतो. आणि एवढं करून कागदाला गेलेली ताकद परत येत नाही. फक्त झीज मंदावते.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आजीची ओव्यांची वही घेऊन आले. साधी शाळेची वही, निळ्या शाईत लिहिलेली. टिकावी म्हणून त्यांनी एका दुकानात तिचं पानन् पान लॅमिनेट करून आणलं होतं. उष्णतेने चिकटलेलं ते प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही, आणि कागदातलं आम्ल आत आपलं काम करत राहतं. पानं तपकिरी होऊ लागली होती. मी त्यांना फक्त स्कॅन करून देऊ शकले. त्यांनी जीव लावूनच ते केलं होतं, म्हणून ते सांगणं मला फार जड गेलं. सेलोटेपचंही तसंच. काही वर्षांत पट्टी गळून पडते, पिवळा चिकट डाग मागे राहतो. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडा. तो कागद सगळ्यात आम्लाचा, तो आपलं दुखणं पुस्तकाला लावतो.

घरी असे अंक असतील तर आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दोन स्वच्छ पुठ्ठ्यांमध्ये आडवे ठेवून सुती नाडीने सैल बांधा. गंजलेल्या पिना स्वतः उपटू नका, त्या मी काढीन. कपाटात तळाशी चुरा पडला असेल तर तो झटकून टाकू नका. पाकिटात भरून तोही आणा, त्यातला एखादा तुकडा कुठल्या तरी पानाच्या कोपऱ्याला बसतो.