‘वेद’ हे क्रियापद निघालं

आमची आजी जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायची. वीसच श्लोक, कानावर पडून पडून मलाही पाठ झाले. अर्थ मात्र कधी कळला नाही, कारण शाळेत आठवीला मी संस्कृतऐवजी हिंदी घेतलं. चाळिशी उलटल्यावर ठरवलं, भाषांतराला हात न लावता हे वीस श्लोक स्वतः वाचायचे.

पहिले चार महिने फुकट गेले. पाया पक्का हवा म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून लघुसिद्धान्तकौमुदी हा संस्कृत व्याकरणाचा जुना ग्रंथ धरला. वरदराजांनी तो नवशिक्यांसाठीच रचला हे खरं, पण तो नवशिका गुरूसमोर बसलेला असायचा. मी घरात एकटी. प्रत्याहार, म्हणजे वर्णांच्या गटांची छोटी नावं, पाठ झाले आणि ‘मी घरी जाते’ एवढं काही म्हणता येईना.

मग संस्कृतभारती या संस्थेचं दहा दिवसांचं संभाषण शिबिर केलं. नियम न सांगता ‘एतत् किम्?’, ‘पुस्तकं कुत्र अस्ति?’ असं थेट बोलतं करतात. भीती गेली, विभक्ती कानात बसायला लागल्या. सुरुवात प्रत्येकाने इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. पण बोलणं सोपं जावं म्हणून तिथे संधी टाळतात, भूतकाळ बहुतेक ‘गतवान्’, ‘गतवती’वर भागवतात. श्लोक वाचायचे तर पुढची सोय आपण पाहायची.

माझी सोय रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’ने केली. पुस्तक १८६४ सालचं, स्पष्टीकरण इंग्रजीत, स्कॅन केलेली प्रत फुकट मिळते. प्रत्येक धड्यात थोडं व्याकरण, शब्द, संस्कृतातली वाक्यं आणि शेवटी संस्कृतात करायची वाक्यं. या शेवटच्या भागासाठीच हे पुस्तक घ्यावं. संस्कृत वाक्य आलं की मराठी माणूस ओळखीच्या शब्दांवरून अंदाज बांधतो, आणि तिथेच फसतो. ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं-शिकवणं, ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल. ‘वीतरागभयक्रोधः’ या शब्दात क्रोध वेगळा आहेच. ‘राग’ म्हणजे आसक्ती. स्वतः वाक्य रचायला बसलं की अंदाज चालत नाही. द्विवचन येतं की नाही, लगेच उघडं पडतं. माझी वही दर रविवारी शेजारच्या निवृत्त शिक्षिका तपासायच्या. असं कुणी नसेल तर शेवटी उत्तरं छापलेलंच पुस्तक निवडा. चुका न कळता पुढे गेलं की त्या पक्क्या होतात.

कोश वामन शिवराम आपट्यांचा घेतला. ‘गच्छति’ सापडेना म्हणून हिरमुसले. ते ‘गम्’खाली असतं, आधी धातू ओळखावा लागतो. आणखी एक मराठी सवय आडवी आली. आपण ‘कवी’ दीर्घ लिहितो, संस्कृतात मूळ शब्द ‘कवि’. हे ध्यानात येईपर्यंत ‘कवि’ आणि ‘नदी’ वेगवेगळे का चालतात, ते मला उमगतच नव्हतं.

अकराव्या महिन्यात पंधरावा अध्याय उघडला. पहिल्याच श्लोकात ‘छन्दांसि यस्य पर्णानि यस्तं वेद स वेदवित्’. ‘यस्तं’ फोडलं : यः तम्, जो त्याला. आता क्रियापद हवं, आणि समोर फक्त ‘वेद’. आजवर मी त्याला ग्रंथाचं नाव समजत आले होते. ते विद् धातूचं रूप : जाणतो. जो त्या अश्वत्थाला, म्हणजे श्लोकातल्या पिंपळाला जाणतो, तो वेद जाणणारा. मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले. आजी आता नाही, म्हणून आईला फोन लावला आणि तो चरण तिला फोडून सांगितला. तिने तो दोनदा म्हणायला लावला.

सध्या बाराव्या श्लोकाशी आहे. ‘भासयतेऽखिलम्’मधला अवग्रह, म्हणजे गळलेल्या ‘अ’ची खूण ‘ऽ’, काल सुटला : भासयते अखिलम्.