लुगडं किती जुनं?

मुलांच्या चित्रपुस्तकात रात्र रंगवायची म्हटलं की मला पहिली काळजी लागते ती अक्षरांची. गर्द आकाशावर पांढरी अक्षरं खुलतात, हे कोणीही सांगेल. पण आमचं एक पुस्तक मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत एकदमच छापायचं होतं. अशा वेळी निळ्या, लाल आणि पिवळ्या शाईच्या प्लेटा मशीनवर तशाच राहतात, भाषा बदलली की काळी तेवढी बदलायची. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतही चित्रं तीच आणि मजकूर मात्र भाषेभाषेत वेगळा असतो. पांढरं अक्षर म्हणजे चारही शायांनी मोकळा सोडलेला कागद, तेव्हा ती हवी असतील तर दर भाषेला चारही प्लेटा नव्याने काढा, आणि मग पुस्तकाची किंमत कुठच्या कुठे जाते. म्हणून आम्ही चित्रात दुकानावरची पाटीसुद्धा लिहीत नाही. एखाद्या भाषेतला मजकूर ओळभर जास्त होईल, हे धरून जागाही आधीच मोकळी सोडतो.

तर मी त्या पुस्तकातल्या रात्रीच्या चित्रात चुना दिलेली एक लांब भिंत घेतली, तिच्यावर चांदणं पाडलं आणि मजकूर भिंतीवर बसवला. संपादकबाई म्हणाल्या, काय सुंदर कल्पना! कल्पना कसली, प्लेटांची काटकसर.

चित्र होतं १६-१७ पानांवर, म्हणजे ३२ पानी पुस्तकात बरोब्बर मध्ये, पिना येतात तिथे. प्रकाशकांनी मला छपाईच्या दिवशी प्रेसवर बोलावलं. सगळे बोलावत नाहीत. फाइल पाठवली, एकरकमी मानधन जमा झालं की चित्रकाराचा संबंध संपला, अशी बऱ्याच ठिकाणी रीत आहे.

प्रेस धायरीच्या बाजूला. फोरकलर मशीनवर जे काका होते त्यांचे केस पिकलेले आणि बोटं कायमची निळी. रंगावर रंग नीट बसेपर्यंत शेदोनशे कागद रद्दीतच जातात, त्यामुळे सुरुवातीला ते माझ्याकडे बघतही नव्हते. मग एक शीट ओढून त्यांनी टेबलावर दिव्याखाली पसरलं. २३ बाय ३६ इंची कागद, एका बाजूला आठ पानं, त्यातली वरची चार उलटी.

माझी रात्र हिरवट आली होती.

मूळ चित्रात मी अल्ट्रामरीन निळ्यात जरा जांभळा मिसळला होता. तो निळा चार शायांतून हुबेहूब येत नाही, हे या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. मनाची तयारी होती. पण हिरवट?

"काका, लाल थोडा चढवा ना." (मॅजेंटाला मशीनवर सगळे लालच म्हणतात.)

"चढवतो. पण खाली कोण बसलंय बघा."

खाली २४ नंबरचं पान होतं. त्यावर आजी, पानभर चेहरा. गोष्टीत ती रात्रीनंतर सात पानांनी येते, पण फर्म्यात, म्हणजे एका शीटवर पानं मांडतात त्या मांडणीत, १७ आणि २४ एकाच उभ्या पट्ट्यात पडतात. मशीनमधली शाई अशा पट्ट्यापट्ट्यांनीच कमी-जास्त करता येते. १७ ला लाल वाढवला की तो २४ लाही वाढणार. काकांनी वाढवून दाखवला. रात्र अशी काही उतरली की मी नुसती बघत राहिले. आणि आजीला मात्र सणसणून ताप चढलेला.

"बोला ताई, कोणाला ठेवायचं?"

मी आजीला ठेवायला सांगितलं, आणि विचार करायला वेळही घेतला नाही. शाळांमध्ये गोष्टी वाचून दाखवताना मी बघितलंय, पान उलटलं की पोरांचं बोट आधी चेहऱ्यावर पडतं. आकाशाचा रंग चुकला तर ती माफ करतात. माणूस आजारी दिसला तर गोष्ट तिथेच थांबते आणि "हिला काय झालं?" सुरू होतं.

काकांनी लाल पुन्हा होता तिथे आणला. मग भिंग घेऊन आजीच्या गालावर वाकले, बराच वेळ. मला म्हणाले, तुम्ही बघा. लाल आणि पिवळे ठिपके दाटीवाटीने बसलेले, निळे कुठे कुठे, विरळ.

"चेहऱ्याला निळ्याची गरजच नाही. मग लाल चढवण्यापेक्षा निळाच उतरवू की."

"आणि लुगडं?" आजीचं लुगडं हिरवं होतं. निळा काढला की हिरव्याचा जीवच जाणार.

काकांनी भिंग खिशात टाकलं. "लुगडं किती वर्षांचं आहे?"

मी चित्रं काढताना आजीचं नाक, कुंकू, हातावरचं गोंदण या सगळ्याचा विचार केला होता. लुगड्याच्या वयाचा नाही.

निळा उतरला. डाव्या पानावरची अर्धी रात्र १६ वर होती, तीही जुळवून घ्यायला हवी. तिच्या पट्ट्यात ९ नंबरचं पान, त्यावर पांढऱ्या कागदावर एक तपकिरी बकरी, तिला फारसा फरक पडत नव्हता. नवीन शीट आलं. रात्र जरा उजळ झाली होती, हिरवी झाक गेली होती. मी रंगवलेली ती नव्हेच, पण चांदणी रात्र म्हणून चालण्यासारखी. लुगडं मात्र वापरून वापरून विटलेलं, कडेला पिवळट झालेलं, आणि आजी ते अंगावर घेऊन पहिल्यांदाच खरी म्हातारी दिसत होती. माझ्या मूळ चित्रात ते कोरं करकरीत आहे, आता बघवत नाही.

शीटवर सही करून वेळ घातली. काकांनी ते नमुना म्हणून समोर टांगलं आणि मशीन पळवलं. मराठीनंतर हिंदीची काळी प्लेट चढली, मग कन्नडची. कन्नडची शेवटची ओळ भिंतीच्या पार पायाशी, मांजराच्या शेपटीपर्यंत आली. पण बसली.

आता नव्या पुस्तकाची पानं ठरली की रंग काढण्याआधी मी प्रेसवर फोन करते आणि कोणतं पान कोणाच्या पट्ट्यात येणार ते लिहून घेते. सध्या हातात असलेल्या गोष्टीत १२-१३ वर नदीचा पूर आहे. ती दोन्ही पानं एकाच पट्ट्यात पडतात, तेव्हा गढूळ पाण्याला हवा तेवढा लाल घ्यायला हरकत नाही.